दुसरी टाकी आणि मिठाची पुरचुंडी

प्रिय लव्हर्न,

मी बोलतेय आणि तुझी अर्लिंडा मावशी लिहितेय. मी बोलेन तसंच उतरवायचं, आपलं शहाणपण मध्ये घालायचं नाही, असं तिला बजावलंय. तरी कुठे फार सभ्य भाषा दिसली तर ती तिची समज. फोन करता आला असता, पण त्यासाठी टेकडीवर चढावं लागतं, आणि मी टेकडीवरून बोलले की अर्ध्या पिन्यॉन गावाला ऐकू जातं. हे सगळ्यांनी ऐकायचं नाही.

तुझ्या लग्नाला आम्ही पोचलो ते दुसऱ्या दिवशी. केक संपलेला, नवरा झोपलेला, आणि तू पायरीवर बसून म्हणालीस, "आजी, मला वाटलं तू रागावलीस." अगं, रागावले होते ती तुझ्या मामावर! युटा मागे टाकल्यावर एली गावापर्यंतचा तो उजाड रस्ता, मधला पंप बंद, गाडीमागे जेवणासाठीच्या मेंढ्यांचा ट्रेलर, आणि हार्लन म्हणतोय, "आई, काटा खाली दिसतो, पण या गाडीत नेहमी थोडं उरतंच." उरलं नाही. कुणीतरी डिझेल आणून दिलं तर इंजिनात हवा शिरलेली. ती काढता काढता उजाडलं. मेंढ्या हार्लनकडे जशा बघत होत्या, तसं मी तुझ्या आजोबांकडेही कधी बघितलं नाही. तू मात्र पायरीवर बसलेली माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीस. तेव्हाच ठरवलं, पुढच्या वेळी तुझ्या दारात वेळेत पोचायचंच. ती वेळ आता आली आहे. कशासाठी, ते शेवटी सांगते. आधी गाडीला बसवलेल्या डिझेलच्या दुसऱ्या टाकीचं ऐक.

हार्लनला वाटलं, त्यात काय एवढं? गोठ्यामागचा जुना पाण्याचा ड्रम, बागेची नळी आणि तार. तेवढं घेऊन तो आम्हाला गॅलप गावातल्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदार भला माणूस. त्यानं ड्रमभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हे रस्त्यावर नेणार?" हार्लन म्हणाला, "मग काय अंगणात फिरवणार?" "नेलंत तर आधी पोलीस भेटतील," दुकानदार म्हणाला, "आणि पोलीस चुकले तर आगीचा बंब." मग त्यानं विचारलं, गाडी डिझेलची ना? हो म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. पेट्रोलची असती तर अशी टाकी मी मुख्य टाकीला जोडूनच दिली नसती, म्हणाला. डिझेलला चालतं, पण टाकी त्याच कामासाठी बनवलेली हवी, तिच्यावर कंपनीची तशी पट्टी हवी, आणि मुख्य टाकी भरली की आपोआप बंद होणारी झडप मध्ये हवी. तुम्ही ट्रेलर ओढत दोन राज्यं ओलांडणार, वाटेत अडवलं तर दाखवायला काहीतरी हवं ना, असं तो हार्लनला समजावत होता. मी म्हटलं, त्याला नको, मला समजाव. ओरडायचं काम माझ्याकडे आहे.

मला तर सगळ्यात मोठी टाकी हवी होती. तेव्हा त्यानं गाडीच्या दाराची कड दाखवली. गाडीनं किती वजन न्यायचं ते तिथे लिहिलेलं असतं. भरलेली टाकी, पाण्याचं पिंप, मागच्या ट्रेलरचा भार आणि आत बसलेली माणसं, सगळं धरून तो आकडे मांडत बसला आणि म्हणाला, "आजी, काहीतरी कमी करावं लागेल." मी म्हटलं, हार्लनला उतरवा. पण गाडी त्यालाच येते, म्हणून टाकी लहान घेतली आणि एक मेंढी घरी ठेवली. ती मेंढी तेव्हापासून फार खुशीत आहे.

आता माझी फजिती. गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात टाकीला किती जागा आहे ते मी घरीच मोजून नेलं होतं, मागाच्या लोकरीच्या धाग्यानं, गाठी मारून. जन्मभर गालिचे असेच मोजले, कधी चुकले नाही. पण हा धागा नुकता कातलेला, आणि मी तो दुकानात चांगला ताणून धरला. टाकी आणली तर ती चाकांवरच्या दोन उंचवट्यांच्या मधे बसेचना! हार्लन इतका हसला की त्याला गाडीला टेकावं लागलं. "आई, हा गालिचा नाही, लोखंड आहे, ओढून बसत नाही." गेलो परत, बदलून आणली. या वेळी दुकानदारानं स्वतःच्या टेपनं मोजलं आणि मी तोंड फिरवून उभी राहिले.

बसवली मात्र नीट. नुसत्या पत्र्याला नाही, खालच्या सांगाड्याला बोल्ट मारून, खाली रबर घालून. मी ती कंपनीची पट्टी बोटांनी चाचपून पाहिली. काय लिहिलंय ते कळलं नाही, पण घट्ट बसलीय एवढं कळलं. हार्लन म्हणाला, चुलत्याकडचं शेतीचं लाल डिझेल भरू, स्वस्त पडतं. अर्लिंडानं त्याला असं झापलं! ते ट्रॅक्टरसाठीचं, बिनकराचं, रस्त्यावर चालत नाही. टाकी कायद्यातली आणि आतला माल चोरटा, अशा गाडीत मी बसणार नाही, म्हणाली. तुझी मावशी बोलते कमी, पण बोलली की ड्रमसुद्धा गप्प बसतो. (हे तिनं लिहिलंय का बघ.) नाराज एकटा मांजर. आपला कुत्रा गं, नाव तूच ठेवलंस. त्याची केबिनमागची जागा टाकीनं घेतली. आता तो टाकीवर चढून बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकतो, जणू डिझेल त्याचंच.

आता कामाचं. तू पाठवलेल्या फोटोत तुझ्या छोटीचे ओठ जरा उचललेले दिसतात. अर्लिंडा म्हणते, पोटात वारा असेल. मी सहा पोरं वाढवली, वारा आणि हसू मला वेगळं ओळखता येतं. ती आता हसणार आहे. तुझा नवरा टेरिल आपल्या जमातीतला नाही, म्हणून त्याला नीट समजाव. बाळाला पहिल्यांदा जो हसवतो, त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, बाळाच्या मुठीनं प्रत्येकाला मीठ द्यायचं. मग बाळाचा हात देता होतो, आणि हसवणाऱ्याचा स्वभावही त्याला लागतो म्हणतात. तुला मी हसवलं होतं, म्हणून तर तुझी जीभ अशी. तेव्हा त्याला सांग, आम्ही येईपर्यंत नाकं वाकडी करायची नाहीत, ट्रकचे आवाज काढायचे नाहीत, शिंकायचं तरी गंभीरपणे. त्याच्याकडे बघून ती हसली तर जेवण त्यालाच करावं लागेल, आणि त्याच्या हातचं मी एकदा खाल्लंय. मिठाची पुरचुंडी माझ्या कमरेला आहे, मेंढ्या ट्रेलरमध्ये चढायला शिकल्यात. शनिवारी पहाटे दोन्ही टाक्या भरून निघतो. टाकी नवी आहे, लव्हर्न, पण आजी जुनी आहे. एवढा एक प्रवास वेळेत झाला पाहिजे. तोवर घरात सगळे तोंड पाडून बसा.

तुझीच, आणि आता छोटीचीही,
आजी

खालचा अंगठा माझा. शाई नव्हती, आणि मी टाकीचं झाकण घट्ट आहे का ते बघून आले होते. डिझेलचा वास आला तर समज, निघालोच.