मोटारीतला कापूस

आर्णीजवळचा तांडा,
ता. ४ मार्च १९६२

ती. देवसिंगमामास भावसिंगचा शि. सा. न. वि. वि.

पंधरा दिवस पत्र टाळलं. कागद आणला तं पेन नाही, पेन मिळाला तं जत्रेत गेलतो. तिथं एक तीन शिंगांचा बोकड होता... ते राहू द्या.

खरं म्हणजे भेव वाटते. नागपूरहून आणलेली माही मोटार सुरू होते, पारापर्यंत जाते, खोकते आन् बसते. तांडेवाले तिले कोंबड्यांचं खुराडं म्हणतात. मोटार आली त्या दिवसापासून बा घर सोडून शेतातल्या खोपीत राह्यते. माह्याशी बोलत नाही.

आता जमनी बाळंतपणाले आली. मागं बैलगाडीत, अर्ध्या वाटेत, तिचं लेकरू गेलं ते तुमाले ठावं आहे. यंदाही लेकरू आडवं आहे. नर्सबाई म्हणते, वीस तारखेच्या आत यवतमाळच्या दवाखान्यात न्या. आर्णीची एसटी गाठाले बैलगाडी लागते, आन् जमनी तिच्यात पाय ठेवत नाही. भावाच्या मोटारीतच येईन म्हणते. तसा शब्द मीच देऊन बसलो.

इलाज कळवा. रागावले तरी माया आटू देऊ नका.

भावसिंग


यवतमाळ,
ता. ८ मार्च १९६२

चि. भावसिंगास मामाचे अनेक आशीर्वाद.

इलाज मागतोस आणि बोकड सांगतोस. तरी समजलो, फिल्टर तुंबला. नवा फिल्टर एसटीच्या कंडक्टरजवळ दिला आहे. आधी टाकीची तोटी बंद कर. इंजिनाजवळची काचेची वाटी उतरव. आतली जाळी आणि बुचाची चकती फेक, नवी बसव. हातानेच आवळ, पान्यानं काच फुटेल. बिडी दूर ठेव.

एक खरं सांग. वाटीत चिंधीबिंधी कोंबली होती काय? तसं असेल तर नुसत्या फिल्टरनं भागत नाही. कचरा कारबोरेटरात जातो, तो खोलावा लागतो, आणि ते तुझ्या हातचं काम नाही. गॅरेजच्या मालकानं रजा नाही दिली तरी मी येईन. उलट टपाली लिही. मामाची लाज धरू नकोस.

जमनीला जप. आमचा जीव तुम्हा दोघांत आहे.

देवसिंग


ता. १७ मार्च १९६२, सकाळ

ती. मामास शि. सा. न.

तुमी विचारलं त्याचं उत्तर मी दाबून ठेवलं. वाटीत मीच कापूस भरलता. घरचा, सरकी काढून, हातानं पिंजून. याडी, तुमची बहीणच ती, तेल बी कापसातून गाळते, काढा बी. वाटलं, पेट्रोलही गळन. फिल्टर तुमी सांगतला तसाच बसवला, थेंब गळला नाही. मंग म्हटलं, कापसाचं कोणाले कळते.

आज पहाटे जमनीले कळा लागल्या. मोटारीत गादी टाकून निघालो. पारापाशी बंद. हँडल मारून हाताले फोड आले. जमनी आत दात आवळून बसली आहे. याडी रडून बैलगाडी जुंपा म्हणते, जमनी उतरत नाही. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी लिहिलं असतं तं तुमी आले असते. हे मले सारखं दिसून राह्यलं.

शेजारचा उकंडा सायकलीनं आर्णीले निघाला आहे. चिठ्ठी पहिल्या एसटीत देईन म्हणते. असाल तसे या. मंग जन्मभर बोलू नका, चालेल.

भावसिंग

ता. क. उकंड्याले थांबवलं. बा आला आहे, दोन्ही बैल घेऊन. मोटारीच्या पुढच्या दांड्याले दोर बांधून बैल जुंपले. जमनीले म्हणे, बाई, तू मोटारीतच बस. उकंड्याले सांगतलं, चिठ्ठी पहिल्या एसटीत दे आन् दुसरी एसटी स्टँडवर थोपवून धर. मामा, तुमी दवाखान्याच्या दारात उभे राहा. मले बा एवढंच म्हणाला, की चाक सरळ धर.