कोपऱ्यावरून परत

लशीच्या पाहणीला आलेल्या बाईंस,

परवा तुम्ही विचारलंत, "आजी, नातीला मेंदूज्वराची लस पूर्ण दिली होती ना?" मी ठणकावून म्हणाले, "सगळ्या सुया टोचल्या. तुमच्या लशीतच दम नाही!"

खोटं होतं ते. पहिल्या सुईनंतर पोर तापली, किरकिरली. पुढच्या सुयांना सूनबाईनं तिला माझ्याबरोबर धाडलं, तर मी दवाखान्याच्या कोपऱ्यावरूनच परतले. "टोचली का?" "टोचली की!" परवा सूनबाई दारातच उभी होती. कोणत्या तोंडानं खरं सांगणार?

तुम्ही म्हणालात, आजारी पडलेल्या आणि धडधाकट पोरांत कुणाकुणाला लस टोचली होती ते ताडून पाहिलं की लस किती राखते ते कळतं. म्हणजे माझ्या थापेनं चांगली लस बदनाम होणार, आणि माझ्यासारखीच एखादी शहाणी कोपऱ्यावरून माघारी फिरणार.

मेंदूज्वरातून नात वाचली, पण कान गेले. काल तिला मांडीवर घेऊन सगळं खरं सांगून टाकलं. ती माझ्या ओठांकडे बघून हसत राहिली.

तुमचा पत्ता सूनबाईकडे आहे. तो मागायचा, तर कशाला हवा तेही सांगावं लागेल.

तुमच्याशी खोटं बोललेली,
आजी