कुणालाही मागे न टाकण्याचं व्रत

गिरीज, वसई
शनिवार, २० मार्च २००४

प्रिय आल्बिना आत्या (म्हणजेच आदरणीय सिस्टर आल्बिना) हिस,

आत्या, उपवासकाळात रविवार धरायचा असतो की सोडायचा असतो? मला याचं उत्तर येत नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून बाबांनी माझा काळ्या डगल्यातला फोटो केळीच्या व्यापाऱ्यालासुद्धा दाखवला आहे, तरी येत नाही. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत मोजलं तर दिवस चाळीसच्या वर जातात आणि रविवार वगळले की बरोबर चाळीस होतात, इथवर मी पोचले. म्हणजे रविवार उपवासात नाही. पण मग आई रविवारीसुद्धा चहाला का शिवत नाही?

पत्राची सुरुवात अशी करायची नसते हे मला कळतं, म्हणून आता रीतसर. तुझा गुडघा कसा आहे? नाशिकची थंडी ओसरली असेल तर आता तरी तो तुला जिने चढू देत असेल. मठातल्या सगळ्या सिस्टरांना माझा नमस्कार सांग. मदर सुपीरियरना वेगळा नमस्कार, कारण मठात आलेलं पत्र आधी त्या वाचतात असं बाबांचं म्हणणं आहे. (मदर, हे खरं नसेल तर क्षमा करा. खरं असेल तर नमस्कार पोचलाच.) इकडे सगळे खुशाल आहेत. मोगरा यंदा भरपूर आला, भाव मात्र आला नाही. उपवासकाळासाठी आईने चहा सोडला आहे आणि बाबांनी राग. राग आईने सोडायला लावला. बाबांचा विचार विडी सोडायचा होता, पण विडी ते दर वर्षी सोडतात आणि ईस्टरला दुप्पट जोमाने पुन्हा धरतात, तेव्हा आईने ती गोष्ट हिशेबात घेतली नाही. बाबांच्या रागाची गोष्ट पुढे येणार आहे, म्हणून आधी सांगून ठेवते.

मी काय सोडलं ते सांगण्यासाठीच हे पत्र आहे. मी रोज पहाटे धावते हे तुला माहीत आहेच. चर्चपासून निघायचं, वाड्यांमधल्या रस्त्याने राजोडीच्या किनाऱ्यापर्यंत जायचं, सुरूच्या झाडांना हात लावून परत यायचं. आम्ही आठ-दहा जण आहोत. आम्ही सगळे तब्येतीसाठी धावतो. हे वाक्य आमच्यातला प्रत्येक जण रोज एकदा तरी म्हणतो, विशेषतः कुणी त्याला मागे टाकून गेल्यावर. त्यात मनोरमाताई आहेत. त्या उमेळ्याला नव्या इमारतीत राहतात, मूळच्या रत्नागिरीकडच्या, मुंबईत विम्याच्या ऑफिसात हेडक्लार्क, वय पन्नाशीला टेकलेलं. मला धावायला त्यांनीच शिकवलं. पहाटे स्कूटी चर्चच्या आवारात लावतात, धावतात, घरी जातात आणि मग ऑफिस गाठतात.

आता यातलं खरं सांगते. परतीच्या वाटेवर शेवटच्या वळणापासून चर्चसमोरच्या क्रुसापर्यंत मी आणि मनोरमाताई जीव खाऊन पळायचो, आणि दोन वर्षांत एकदाही दोघींपैकी कुणी ते मान्य केलं नाही. त्या वळणाआधी बुटाची नाडी बांधायला थांबायच्या, आणि नाडी सुटलेली नसायची. त्या वाटेत पाणी पीत नाहीत हे लक्षात आल्यावर मी पाणी बंद केलं आणि एकदा गिरीजच्या फाट्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन बसले. पोचल्यावर मात्र आम्ही चर्चच्या पायरीवर बसून त्यांचा पोळीचा लाडू आणि आमच्या वाडीतली केळी वाटून खायचो, आणि जी हरली असेल ती हवेबद्दल बोलायची. मी बी.ए.ला मानसशास्त्राच्या पेपरात लिहिलं होतं की माणसाची खरी प्रेरणा आतून येते, दुसऱ्याकडे बघून येत नाही. त्या उत्तराला चांगले मार्क मिळाले होते. परीक्षकाने मला वळणावर पाहिलं असतं तर परत घेतले असते.

मग फेब्रुवारीत एके पहाटे मनोरमाताई खोकायला लागल्या. आणि आत्या, तो खोकला ऐकून मला आनंद झाला. नुसतं बरं वाटलं असं नाही, चांगला आनंद झाला, सण असल्यासारखा. क्रुसापाशी पोचल्यावर माझी मलाच शरम वाटली. मटण-मासे तर सगळेच सोडतात, त्यात काय मोठंसं (शिवाय यंदा बोंबील इतके महाग आहेत की ते आम्हीच सोडले की त्यांनी आम्हाला, सांगता येत नाही). मी ठरवलं की या उपवासकाळात ईर्षा सोडायची. पण ईर्षा मनातली गोष्ट, ती सुटली की नाही हे कसं समजणार? म्हणून मोजता येईल असा नियम केला. ईस्टरपर्यंत धावताना कुणालाही मागे टाकायचं नाही. आणि पुण्याचा डांगोरा पिटू नये म्हणून हे कुणालाही सांगितलं नाही. सगळा घोळ या ‘सांगितलं नाही’मधून झाला.

पहिल्याच दिवशी माझ्यापुढे सॅन्टनकाका निघाले. शेजारचे सॅन्टनकाका तुला आठवतील, तुझ्या वर्गात होते आणि तुझी पाटी लपवायचे. ते डॉक्टरांनी सांगितलं म्हणून धावतात. धावतात म्हणजे हात पळतात आणि पाय चालतात, आणि खिशात वाडीच्या किल्ल्या वाजतात. त्यांच्यामागे राजोडीपर्यंत जायचं म्हणजे बैलगाडीमागे मोटार चालवण्यासारखं आहे. मी रोज त्या किल्ल्यांमागे मुकाट जात राहिले. काकांनी आधी दोनतीनदा वळून पाहिलं, मग ताठ झाले. रविवारी मिस्सा झाल्यावर त्यांनी चर्चच्या आवारात लोकांना सांगितलं की पोरगी तरणीताठी आहे, पण दम नाही. ‘माझ्या पुढे जाऊन दाखवावं तिने.’

बाबा तिथेच उभे होते. बाबांचं आणि काकांचं कुणाच्या केळीचा घड मोठा यावरून वीस वर्षं चाललेलं आहे. एरवी बाबा तिथेच सुरू झाले असते, पण राग सोडलेला. ते गप्प घरी आले, गप्प जेवले, आणि संध्याकाळी स्टेशनजवळून निळे बूट घेऊन आले. दुसऱ्या दिवसापासून ते आमच्यात धावायला येऊ लागले. आई म्हणते, राग सोडला नाही, पायात उतरवला. आता नियमाप्रमाणे मी बाबांनाही मागे टाकू शकत नाही. तेव्हा सगळ्यांत पुढे किल्ल्या वाजवत सॅन्टनकाका, त्यांच्यामागे नाकाने जोरजोरात श्वास घेणारे बाबा आणि त्यांच्यामागे मी, अशी आमची मिरवणूक रोज वाड्यांमधून जाऊ लागली. ‘तू काढ ना त्याला मागे,’ बाबा मला दबक्या आवाजात सांगायचे, आणि मी नाडी बांधायला बसायचे.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मनोरमाताई काकांसारख्या नाहीत. पहिल्या आठवड्यात त्या वळणावरून एकट्याच पळाल्या, क्रुसापाशी पोचून मागे वळून पाहिलं आणि माझं हवेबद्दलचं बोलणं ऐकूनच घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात एकदा काका आणि बाबा वाटेत नारळपाण्याला थांबले आणि आम्ही दोघीच पुढे आलो. वळणाआधी मनोरमाताई मुद्दाम हळू झाल्या. मला पुढे जायचं नव्हतं, मीही हळू झाले. त्या चालू लागल्या, मीही चालू लागले. त्या थांबल्या. मग मीही थांबले. दोन धावणाऱ्या बायका रस्त्याच्या मधोमध एकीमागे एक पुतळ्यासारख्या उभ्या, आणि फुलांच्या टोपल्या घेऊन जाणारा टेम्पोवाला हॉर्न देऊन दमला.

त्यांनी विचारलं, ‘तुला बरं नाही का?’

मी म्हटलं, बरी आहे.

‘मग मला सूट देते आहेस?’

उपवासकाळात खोटं कसं बोलणार? मी म्हटलं, ‘थोडी.’

त्या ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, ‘ऑफिसात पोरं म्हणतात, मॅडम तुम्ही बसा, आम्ही करतो. घरी सून पाण्याची बादली उचलू देत नाही. सगळी चांगली माणसं आहेत गं. पण मला हरवण्यासाठी जीव काढणारं एकच माणूस उरलं होतं.’

त्या चालत गेल्या, स्कूटी काढली, लाडूचा डबा माझ्याजवळ तसाच ठेवून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी स्कूटी आवारात नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती. मी एकदोनदा वळणावरून एकटीच पळून पाहिलं. आत्या, एकटीने पळताना ते नुसतं एक वळण असतं. आतून येणारी प्रेरणा मी बरीच शोधली. आत कुणी नव्हतं.

परवा गुरुवारी मी धुतलेला डबा आणि केळीचा एक फणा घेऊन उमेळ्याला गेले. चार मजले चढून (लिफ्ट आहे, पण पश्चात्तापाला लिफ्ट बरी दिसत नाही) त्यांना सगळं सांगितलं. राखेचा बुधवार, त्यांचा खोकला, माझा आनंद, माझा नियम. खोकल्याचं ऐकून त्यांना हसू आल्यासारखं वाटलं, पण त्यांनी ते गिळलं. मग म्हणाल्या, ‘आमच्यातही चातुर्मासात सोडतात. वांगं सोडतात, कांदा सोडतात. माणूस नाही सोडत.’

मानसशास्त्राच्या त्या परीक्षकापेक्षा हे फार कडक होतं. मी त्यांना सोडलं नव्हतं, माझी ईर्षा सोडली होती, पण माझ्या ईर्षेच्या टोकाला त्या उभ्या आहेत हे मी पाहिलंच नव्हतं. स्वतःचा आत्मा धुवायला काढला आणि पाणी दुसऱ्याच्या अंगणात सोडलं. निघताना त्यांनी दारातच सांगितलं की रविवारी (म्हणजे उद्याच) गिरीज-राजोडीची दौड आहे, एकवीस किलोमीटर, त्यांनी जानेवारीतच आमच्या दोघींची नावं दिली होती. मी खरी पळणार असेन तर त्या येतील. लुटुपुटीची पळणार असेन तर त्या घरी बसून डाळ निवडतील, आणि यापुढे सकाळी झोपतील.

म्हणून रविवारचा प्रश्न. काल फादरांकडे गेले आणि माझं चाळिसाचं गणित मांडलं. फादरांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘गणित बरोबर आहे, इझाबेल. पण तू गणित विचारायला आलीस की परवानगी?’ मी म्हटलं, परवानगी. ते म्हणाले, मग रविवार कशाला हवा? मला ते कळलं नाही, आणि कळलं नाही असं म्हणायला पदवी आडवी आली. तू तीस वर्षं व्रतं पाळते आहेस. आपण एखादी गोष्ट देवाला म्हणून सोडली आणि त्यानं भलत्याच माणसाला दुखलं, तर ती परत उचलायची असते का? उत्तर दौडीनंतरच पोचेल, तरी उलट टपाली लिही. गुडघ्याला राईचं तेल लाव.

तुझी लाडकी,
इझाबेल (बी.ए.)

ता. क. रविवार दुपार. काल पोस्टमन टपालपेटी आधीच रिकामी करून गेल्यामुळे पत्र टाकायचं राहिलं. दौड झाली. विरारची एक मुलगी पहिली आली, ती कुठून निघून कधी पोचली हे आम्हाला नंतर कळलं. मी आणि मनोरमाताई अकराव्या नंबरासाठी भांडलो, पण असं भांडलो की पहिल्या नंबराला लाज वाटावी. शेवटच्या वळणाआधी त्या नाडीसाठी थांबल्या नाहीत. मीही काही राखून ठेवलं नाही. मी पुढे गेले, हातभराने. त्या क्रुसापाशी वाकून उभ्या राहिल्या, मला वाटलं रडतात की काय, तर मान वर करून म्हणाल्या, ‘बघतेच तुला,’ आणि इतक्या खूश दिसल्या की मला हरल्यासारखं झालं. सॅन्टनकाका आणि बाबा दोघेही राजोडीला पोचून तिथल्या वडेवाल्याकडे बसले, एका रिक्षाने परत आले आणि आधी कोण बसलं यावरून आवारात कडाडून भांडले. बाबांचं म्हणणं, रविवार धरत नाहीत.

ता. क. २. रविवार रात्र. खरं काम राहिलंच. ईस्टरनंतर नाशिकला अशीच दौड आहे. मनोरमाताईंना माझा सूड घ्यायचा आहे आणि मला तो घेऊ द्यायचा नाही. दोघींची नावं त्यांनी संध्याकाळीच फोनवरून देऊन टाकली. मठाच्या पाहुण्यांच्या खोलीत दोन रात्री जागा होईल का? (मदर, त्या हिंदू आहेत, पण तुमच्यापेक्षा लवकर उठतात.) खाटा शक्यतो दोन टोकांना ठेवाव्यात.

ता. क. ३. सोमवार. रविवारबद्दल उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल. आज पहाटे स्कूटी आवारात होती. आज रविवार नाही हे मला ठाऊक होतं आणि उपवासकाळही संपलेला नाही. मी निघतानाच सॅन्टनकाकांना मागे टाकलं, पुलापाशी बाबांना मागे टाकलं, आणि वळणावर मनोरमाताईंना. ईस्टरपर्यंत मी साखर सोडली आहे.