गोल पिनेची गाडी

४ जानेवारी, रविवार

…चटणी आधी, गाडी नंतर, असा आमचा नियम होता. दूध तापवायचं, पोहे भिजवायचे, ओटा पुसायचा आणि मग मिक्सर फिरवून घ्यायचा. कारण मिक्सर आणि गाडीचं चार्जिंग एका वेळी ओट्यावरच्या प्लगला झेपायचं नाही, घरभर वीज जायची. मिक्सर थांबला की खालून हाक यायची, आशा, वायर सोड. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून जाड वायर खाली सोडायची, भाजीवाल्याला पिशवी सोडावी तशी. खाली पार्किंगमध्ये हे गाडी पुसत उभे. सोसायटीत अशी वायर सोडायला बंदी, म्हणून सेक्रेटरी दीनानाथ दूध आणायला निघाले, की हे वर बघून नुसती मान हलवायचे आणि मी वायर सरसर वर ओढायची. ते गेले की परत खाली.

आता वायर सोडायची, जिना उतरायचा, गाडीला लावायची, जिना चढायचा. हे एका माणसाचं काम नाही.

असो. आठवणी लिहायला ही वही घेतलेली नाही. कामाचं तेवढंच लिहायचं. तर अथर्वचा पुण्याहून फोन आला. म्हणाला, आई, दीनानाथकाका दर आठवड्याला मला फोन करतात, सोसायटीला ती जागा हवीय, गाडी भंगारात देऊन टाकू. मी म्हटलं, चालती गाडी कोणी भंगारात देत नाही. तो म्हणाला, चालते का? मग बाबांच्या वर्षश्राद्धाला आपट्याला घेऊन जा आणि परत आण. आणलीस तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही आणलीस तर मी भंगारवाला बोलावणार.

मी म्हटलं, ठरलं.

आपट्याला पाताळगंगेत ह्यांच्या अस्थी सोडल्या. वर्षश्राद्ध तीस तारखेला तिथेच आहे. पनवेलहून वीस-एक किलोमीटर. मला गाडी येते, लायसन्स आहे. पार्किंगच्या बाहेर फारशी नेलेली नाही, पण गाडीला पार्किंग काय आणि रस्ता काय.

मी भावनेच्या आहारी जाणारी बाई नाही. गाडी चालू आहे आणि जागा आपली आहे, एवढाच मुद्दा.

५ जानेवारी

रात्रभर चार्जिंग केलं. काटा म्हणतो, अठ्ठावीस किलोमीटर जाईल. जाऊन-येऊन चाळीस. फरक थोडाच आहे. थंडीमुळे असेल. (पनवेलला थंडी नाही. पण काल पंखा एकवर होता.)

आपट्याला ओळखीचं कोणी नाही. कोणाच्या ओसरीवर सहा तास वायर मागत बसणार? त्यापेक्षा वाटेत पळस्पे फाट्याच्या पुढे एका हॉटेलच्या अंगणात फास्ट चार्जर आहे. अर्ध्या तासात काम. अथर्वला कळवलं. म्हणाला, आई, त्याची पिन तुझ्या गाडीला बसणार नाही. हा मुलगा लहानपणापासून असाच. पतंग आणला की आधी फाटलाय का ते बघायचा.

७ जानेवारी

गाडीचं माहितीपुस्तक काढलं. इंग्रजी आहे. शब्दकोश घेऊन बसले. माझी शाळा सातवीपर्यंत, बाकी वाचनालयाने शिकवलं. वाचनालयात पिनांवर पुस्तक नाही. मग वरच्या मजल्यावरच्या चारुताने ऑफिसातून कागद छापून आणून दिले. म्हणाली, काकू, मला यातलं काही कळत नाही हं. मला कळलं.

फास्ट चार्जिंगला पेट्रोल पंपासारखी गन असते. हल्ली सगळीकडे सीसीएस-टू नावाची गन. वर सात भोकं, खाली दोन मोठी. आपल्या गाडीला गोल तोंड, नऊ पिना. ही पिन एके काळी सरकारनेच ठरवली होती. आकार चीनचा, नाव भारत. कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेली ही गाडी ह्यांनी लिलावात घेतली, तेव्हा म्हणाले होते, सरकारी पिन आहे आशा, ही कुठे जात नाही. न्हावा शेवा बंदरात क्लिअरिंगच्या, म्हणजे कस्टममधून माल सोडवण्याच्या कामात जन्म गेला ह्यांचा, सरकारवर विश्वास फार. पुढे सगळ्या नव्या गाड्या दुसऱ्या पिनेच्या आल्या.

जपानचीही एक पिन आहे, चाडेमो. त्या नावात म्हणे ‘चहा तरी घ्या’ असा अर्थ आहे. गाडी भरेपर्यंत चहा होतो म्हणून. समजूतदार लोक.

आपली बॅटरी बाहत्तर व्होल्टची आहे. हे मुद्दाम लिहून ठेवते. आकडा लिहिलेला असला की कोणी आपल्याला फसवू शकत नाही.

१० जानेवारी

तोडगा निघाला. अडॅप्टर नावाची वस्तू मिळते. एका बाजूला सीसीएसची गन बसते, दुसरी बाजू आपल्या गोल तोंडात. न जुळणाऱ्या दोघांमधला मध्यस्थ. आमच्या लग्नात तारामावशी होती तशी.

चारुताच्या फोनवरून मागवला. किंमत लिहीत नाही, ही हिशेबाची वही नाही. अथर्वला सांगितलं नाही. एकदम दाखवू.

१७ जानेवारी, शनिवार

सोसायटीच्या बायकांचं संक्रांतीचं हळदीकुंकू आज पार्किंगमध्ये. सकाळी दोघी-तिघी आल्या. म्हणाल्या, वहिनी, तेवढी गाडी हलवता का, मंडप बसत नाही. मला बोलावणं नव्हतं, गाडीला होतं.

खाली गेले. गाडीने हूं की चूं केलं नाही. मोठी बॅटरी भरलेली, पण पुढची छोटी, जी गाडीला जागं करते, ती गेलेली. मी म्हटलं, हे किरकोळ आहे. तोवर संध्याकाळ होत आली, बायका नटून खाली आल्या. शेवटी पैठण्या खोचून दहा-बाराजणींनी गाडीला खांदा दिला. मी आत स्टिअरिंग धरून, मखरात गौर बसवावी तशी. कोणाची तरी नथ काचेला अडकली. दीनानाथ लांबून ओरडत होते, डावीकडे घ्या वहिनी, डावीकडे. हे असते तर पोट धरून हसले असते.

गाडी कचऱ्याच्या डब्यांजवळ लावली. तिथे सावली बरी आहे.

नंतर चारुता वर आली, तिळगूळ आणि वाणातलं गाळणं देऊन गेली. म्हणाली, काकू, मला हे सगळं आवडत नाही. मी म्हटलं, गाळणं चांगलं आहे. खरंच चांगलं आहे, जाळी बारीक आहे.

२० जानेवारी

मेकॅनिकने छोटी बॅटरी बदलली, गाडी परत आपल्या जागेवर आली. मोठीकडे बघून म्हणाला, मावशी, हिचं काही खरं नाही. त्याला पेट्रोलच्या गाड्यांची सवय.

गाडीत थोडा वेळ बसले. सीट वापरात राहिली पाहिजे, नाहीतर स्पंज बसतो. ह्यांचा चष्मा समोरच्या कप्प्यात आहे, तो तिथेच राहू दिला. वर आणून तरी ठेवायचा कुठे?

२२ जानेवारी

अडॅप्टर आला. उचलायला दोन्ही हात लागतात. सोबतच्या कागदावर लिहिलंय की वापरण्याआधी अडॅप्टरच चार्ज करा, त्याच्या पोटात छोटी बॅटरी असते. म्हणजे गाडीला चार्ज करायला अडॅप्टर, आणि अडॅप्टरला चार्ज करायला फोनची वायर. लावला. हिरवा दिवा लागला. दिवसभर कामं करता करता त्याच्याकडे लक्ष होतं.

कागदाची मागची बाजू बारीक अक्षरात आहे. महत्त्वाचं असतं तर मोठ्या अक्षरात छापलं असतं.

२४ जानेवारी

खाली जाऊन अडॅप्टर गाडीला लावून बघितला. टक् आवाज झाला. बसला! दीनानाथ बघत होते. म्हणाले, वहिनी, हे आणि काय? मी त्यांना तिन्ही पिनांचा इतिहास सांगितला. जपानपर्यंत पोहोचले तेव्हा ते म्हणाले, माझं दूध नासेल. गेले.

तीस तारखेला ह्याच गाडीतून जाणार. पानं, तांदूळ, तीळ मागच्या सीटवर. ह्यांच्या सीटवर मी.

२७ जानेवारी, मंगळवार

आधी एकदा चाचणी घ्यावी म्हणून आज पळस्प्याला गेले. सगळं लिहायचं जिवावर आलंय, पण लिहिते.

तिथे भरायचीच म्हणून गाडी अर्धीच भरून नेली. जाताना उत्तम गेले. सावकाश गेले. मागून न्हावा शेव्याचे कंटेनर हॉर्न देत होते, पण त्यांचं कामच घाईचं. अंगणात दोन मशिनं. कोपऱ्यातलं जुनं पेटीसारखं आपल्या गोल पिनेचं! क्षणभर वाटलं, अडॅप्टर उगाच घेतला. जवळ जाऊन बघितलं तर त्याची गन वायरसकट कोणीतरी तांब्यासाठी कापून नेलेली, आणि वर हॉटेलचे बाटल्यांचे क्रेट रचलेले.

दुसरं नवीन. तिथे जगन नावाचा गव्हाणचा टॅक्सीवाला आपली गाडी भरत होता. म्हणाला, काकी, आमी एवढी वर्सं गाडी चालवतो, आसला तोंड नाय बगितला. मी त्याला सगळं समजावलं. तो मान डोलावत ऐकत होता. त्याची गाडी भरली, त्याने गन काढून माझ्या अडॅप्टरला लावून दिली. टक्. तो ओरडला, काकी, बसला की!

मशीन काही वेळ विचार करत होतं. मग लाल झालं. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. जगनने अडॅप्टर खांद्यावरच्या फडक्याने पुसून लावला. लाल. मग मी चष्मा लावून मशीनच्या बाजूची पट्टी वाचली. हे मशीन दोनशे ते हजार व्होल्ट देतं. दोनशेच्या खाली ते येतच नाही. आणि आपली बॅटरी बाहत्तरची.

पर्समधून अडॅप्टरचा कागद काढला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात तेच होतं. पिन जुळवता येते. व्होल्ट जुळवता येत नाहीत.

जगनला सांगितलं. तो म्हणाला, म्हंजे काकी, आगीच्या बंबाच्या पायपान लोटा भरायचा झाला तर. मी म्हटलं, तसंच. तो म्हणाला, मंग आता? मी म्हटलं, मग काही नाही.

त्याने हॉटेलातून पाणी आणून दिलं. म्हणाला, काकी, मी मागून येतो, तुमी चला. बरं झालं आला. घराच्या अलीकडच्या चढावर गाडी थांबली. त्याने दोर बांधून ओढून आणली. दीनानाथ गेटवरच होते. त्यांनी गेट पूर्ण उघडून धरलं. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

२८ जानेवारी

अजून दोन दिवस आहेत. घरून निघून सावकाश, खिडक्या बंद, हॉर्न न वाजवता, उतारावर…

अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीसच.

अथर्वला फोन केला. तो म्हणाला, मी येतो घ्यायला.

३० जानेवारी, शुक्रवार

अथर्वच्या गाडीने आपट्याला गेलो. गाडी पांढरी, नवी, आवाज नाही. श्राद्ध नीट झालं. पिंड ठेवल्यावर कावळा लगेच आला. ह्यांना कधी वाट बघायला लावायला जमलंच नाही.

परतताना अथर्व पळस्प्याच्या त्याच अंगणात थांबला. गन लावली. टक्. हिरवा. मी दुसरीकडे बघत होते. तो म्हणाला, आई, अर्धा तास आहे, चहा तरी घे.

चहा घेताना म्हणाला, तुला एक सांगू का. बाबा गेले त्याच्या आधीच्या दिवाळीत त्यांनीच मला फोन केला होता, गाडी संपलीय, भंगारवाला बघून ठेव म्हणून. मी बघितलाही होता. मग दोन दिवसांनी स्वतःच म्हणाले, राहू दे. तुझ्या आईला वायर सोडायची सवय झालीय, सकाळी करणार काय ती.

मी म्हटलं, मला कसली सवय? ओणवं होऊन कंबर मोडायची माझी. ह्यांना हौस होती म्हणून मी करत होते.

 चहा गार झाला होता. तरी प्यायले.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ट्रक आला. गाडी वर चढवताना ती थोडी मागे घसरली. दीनानाथ स्वतः येऊन चाकाला वीट लावून उभे राहिले. म्हणाले, वहिनी, गुरुदत्त खालून तुमच्याकडे बघून मान हलवायचा ना, ते मला सगळं दिसायचं बरं का. म्हणून तर मी दूध आणायला लांबच्या रस्त्याने जायचो.

चष्मा काढून घेतला.

अडॅप्टर परत घेत नाहीत म्हणे. अथर्वने विचारलं, ह्याचं काय करायचं? म्हटलं, राहू दे, कोणाला तरी लागेल. कोणाला लागणार? कपाटावर ठेवलाय. त्याचा दिवा अजून हिरवा आहे.

अथर्व संध्याकाळी पुण्याला गेला. जाताना म्हणाला, ती वायर काढून ठेवू का? म्हटलं, मी ठेवते.

मला काही वाटलेलं नाही. उद्यापासून सकाळचा वेळ मोकळा. वाचन वाढवायचं.

२ फेब्रुवारी

साडेसहाला उठले. दूध तापवलं, पोहे भिजवले, ओटा पुसला. चटणी वाटली. मग खिडकी उघडली आणि वायर खाली सोडली.