डावी पाकळी

मुळगाव, डिचोली
१२ जानेवारी २०२५

ती. शेवंतीबायस,
सगुणचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला धाप लागते, म्हणून लिहितो. तुझ्या लेकीने, तनयाने सगळं कळवलं. तुझ्या बुटक्या अंगाला बसतील एवढी लहान फुफ्फुसं मिळत नाहीत, म्हणून डॉक्टर आता मोठ्या माणसाची कापून बसवू म्हणतात. त्यात जोखीम जास्त, हेही तेच सांगतात.

मला राहवेना. ग्रामदेवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी पाकळ्या लावून कौल मागितला, की मोठ्या माणसाची फुफ्फुसं माझ्या बहिणीला बसतील का. डावी पडली. देवी नाही म्हणते, बाय. सही करू नकोस, घरी ये. ऑक्सिजनची सोय मी इथे करतो.

आईच्या माघारी मला तूच आहेस, एवढं ध्यानात असू दे.

तुझा,
सगुण


चेन्नई
२० जानेवारी २०२५

चि. सगुणास अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

अरे, देवी बरोबरच बोलली. अख्खी मला बसणारच नाहीत. कापून बसतील का, हे तू विचारलंसच नाहीस. आता परत विचारू नकोस. उजवी पडो की डावी, मी सही केली आहे.

दोनदा बोलावणं आलं आणि दोन्ही वेळा फुफ्फुसं मोठी म्हणून मला परत पाठवलं. लहानपणी मावसबहिणींचे मोठे झगे आले, तर आईने ते कापून मला घातले. परत नाही पाठवले. तुझ्या दारापुढच्या बलकांवावर नाकात नळी घालून मरणाची वाट बघत बसायला मी येणार नाही. भीती वाटते, खूप वाटते. तरी येणार नाही.

रागाव हवं तेवढं, पण माया आटवू नकोस.

शेवंती


चेन्नई
९ मार्च २०२५

चि. सगुणास आशीर्वाद.

पडून लिहिते, म्हणून अक्षर वाकडं. एका धिप्पाड माणसाची फुफ्फुसं आली, कापून बसवली. तुझं जानेवारीतलं पत्र मी तनयाला मोठ्याने वाचून दाखवलं. कुठे थांबावं लागलं नाही.

तिच्याकडून तुझे प्रताप कळले. उजवी पडेपर्यंत पाकळ्या लावत होतास म्हणे! गुरव वैतागला असेल.

आता देवीला काही विचारू नकोस. त्या माणसासाठी नुसतं एक फूल वाहा. त्याचं नाव आम्हाला सांगत नाहीत. गुरवाने नाव विचारलंच, तर सांग, माझ्या बहिणीच्या छातीत अख्खा मावला नाही एवढा मोठा माणूस होता.

तुझी,
बाय