सपाट आवाजात वाचायचं

१७ ऑगस्ट
हो म्हणून बसले! सुमनकाकू संध्याकाळी आल्या, चहासुद्धा घेतला नाही. त्यांच्या प्रफुल्लदादाला लॉच्या प्रवेशपरीक्षेला रायटर हवाय. त्याला दिसत नाही — प्रश्न वाचून दाखवायचे, तो सांगेल त्या पर्यायाचा गोल काळा करायचा. रायटर अकरावीच्या वरचा चालत नाही, आणि कॉलनीत धड इंग्रजी वाचणारी अकरावीतली मीच.
बाबा म्हणाले, "आणि तुझं सायन्स कोण वाचणार?"
म्हटलं, फक्त रविवारी जाईन.

२४ ऑगस्ट
नुसते उतारेच उतारे! आजचा बिबट्यांवर. लेखक म्हणतो, उसामुळे बिबटे गावाजवळ राहतात. प्रश्न — उताऱ्यावरून काय म्हणता येईल? मी लगेच, "बिबट्या माणसाला घाबरतो!" दादा हसला. "खरंय. पण उताऱ्यात कुठंय?" शोधलं. कुठंच नाही. खरं असूनही चूक! असली चूक पहिल्यांदाच पाहिली.

३१ ऑगस्ट
भांडण. दादाची उत्तरं ओळीनं बरोबर आली म्हणून मी टाळ्या वाजवल्या. तो म्हणाला, "तृप्ती, बरोबर पर्याय वाचताना तुझा आवाज चढतो. मी उतारा ऐकतच नव्हतो. तुलाच ऐकत होतो."
"मग बरंच आहे की!"
"नाही. मला तुझा आवाज हवाय, तुझं उत्तर नको."
राग आला. मदत करा, वर ऐकूनही घ्या!

२ सप्टेंबर
त्याचं बरोबर आहे. सपाट वाचायची सवय करतेय. मावशीचा मेसेज आईला वाचून दाखवला — ज्योत्स्नाताईला जुळी झाली. आई हातातलं टाकून धावत आली, "अगं, कोण गेलं?" जमलं!!

१२ ऑक्टोबर
आज एक उतारा दोघांनी तासभर कुटला. लेखक चिडलाय की नुसता टोमणा मारतोय? दादा म्हणे टोमणा, मी म्हणे चिडलाय. दादा बरोबर. काकूंनी भजी दिली — सपाट चेहऱ्यानं खाता येत नाहीत. रविवार कधी येतो असं होतं हल्ली.

७ डिसेंबर
झाली परीक्षा. थंडीनं बोटं आखडली होती. आम्हाला वेगळी खोली, समोर एक मॅडम, डोळे आमच्यावरच.
फेरीवाल्यांवरच्या उताऱ्यात घोळ झाला. सुरुवातीला दुकानदारांचं म्हणणं होतं, अगदी ठासून. लेखकाचं मत नंतर येतं, एका 'पण'पासून, आणि नेमकं उलटं. प्रश्न — लेखकाला काय पटेल? दादा म्हणाला, "क." ते दुकानदारांचं! मला 'अ' दिसत होतं. ढळढळीत.
काही बोलले नाही. 'क' काळा केला.
घरी येऊन जेवण गेलं नाही. सगळे विचारतात, पेपर कसा होता? चांगला होता, म्हणते.

१० डिसेंबर
उत्तरं आली. 'अ'च. रडत दादाकडे गेले. "मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले."
"मलाही माहीत होतं," तो म्हणाला. "मी 'क' म्हणालो, आणि तुझं पेन लगेच टेकलं नाही."
"मग बदललं का नाहीस?"
"मग ते तुझं उत्तर झालं असतं. आणि मला वकील व्हायचंय गं, चोर नाही."
तो हसत होता. मार्क काठावर आहेत, आणि हा हसतोय!

१४ डिसेंबर
पहिला मोकळा रविवार. फिजिक्स उघडलं. मिटलं.

११ जानेवारी
यादी लागली. नागपूरचं लॉ कॉलेज! दादाचं नाव आहे! काकूंनी कॉलनीभर पेढे वाटले, सगळ्यांत जास्त मीच ओरडले. मग स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगून टाकलं — मला सायन्स सोडायचंय. मलाही लॉ करायचंय.
लाटणं थांबलं.
"बाबांना तूच सांग," आई म्हणाली. "मी शेजारी बसते."