महाराजांच्या माथ्यावरचं बेळगाव

बाबा, तुमच्या नातीचं लग्न ठरलंय. मुलगा बेळगावचा आहे. थांबा, एवढ्यात खूश होऊ नका, त्यांच्या घरात कानडी बोलतात.

दोन वर्षं मी लेकीला लटकवून ठेवलं ते तुमच्यापायी. बेळगाव महाराष्ट्रात गेलं नाही, हे दुःख तुम्ही सरकारी नोकरीबरोबर दिल्लीला घेऊन आलात. राज्याभिषेकाच्या दिवशी पहाडगंजला आपली मराठी मंडळी जमायची, महाराजांच्या मूर्तीवर नद्यांचं पाणी घालायची, आणि तुम्ही बेळगावच्या मार्कंडेय नदीच्या पाण्याची बाटली छातीशी धरून रांगेत उभे. "नकाशात नाही तर नाही, महाराजांच्या माथ्यावर तरी आपण एकत्र आहोत!" एका वर्षी गावाहून कोणी आलंच नाही, तेव्हा आई म्हणाली, "नळाचं भरा हो, कोणाला कळतंय?" केवढे उखडलात! "महाराजांना फसवू?" रिकाम्या हातांनी गेलात आणि सगळ्यांच्या मागे उभे राहिलात. तो पडलेला चेहरा मला अजून दिसतो. असा माणूस कानडी नातजावई कसा सोसेल, हीच माझी धास्ती.

तुमच्यानंतर पाण्याचं मीच बघते. गेल्या जूनमध्ये हा मुलगा पहिल्यांदा घरी आला, मानेसरच्या कारखान्यातून थेट, घामाघूम. मी चहा टाकतेय, तोवर ह्याने फ्रीज उघडून हाताला लागली ती बाटली गटागट रिकामी केली. खराब होऊ नये म्हणून तिथे ठेवलेली मार्कंडेय! अभिषेक तोंडावर आलेला.

"अरे यार, ते महाराजांचं होतं!" लेक किंचाळली.

पोरगा लालबुंद. "काकू, चुकलं की ओ. आईला सांगतो."

आणि खरंच, अभिषेकाच्या सकाळी त्याची आई निजामुद्दीनला उतरली, तोंड फडक्याने बांधलेला तांब्या घेऊन. "गाडीत मांडीवरच धरलाय बगा. महाराजांचं पाणी पायाशी कसं ठेवायचं? आमचे बी महाराज हायेत की ते." पहाडगंजला तिने डोक्यावर पदर घेतला, पाणी घातलं आणि कानडीत काहीतरी पुटपुटली. मला एक शब्द कळला नाही, पण बाबा, मी रडले. जीव भांड्यात पडला अगदी. सीमा आहे तिथेच आहे. त्या माथ्यावर मात्र दोन्हीकडची माणसं पाणी घालत होती.

साखरपुडा तिथून परततानाच ठरला.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, आणि तेच बरं. कारण तुम्ही समोर बसून नको म्हणाला असतात, तरी या वेळी मी तुमचं ऐकलं नसतं.